उसनी नाडी

२ मे

नवी डायरी. कॅन्टीनमध्ये कॅलेंडरबरोबर मिळाली होती, जानेवारीपासून कोरी पडून होती. आजपासून रोज लिहायचं. सैनिकाने नोंद ठेवली पाहिजे. पुढे केस वरपर्यंत गेली तर उपयोगी पडेल.

केस अशी. काल यांगडोलला, म्हणजे बायकोला, घेऊन लेहला गेलो, योजनेच्या दवाखान्यात. माजी सैनिक आणि त्याची बायको, दोघांवर तिथे मोफत उपचार होतात. डॉक्टरबाईंनी यांगडोलच्या छातीला नळी लावली ती बराच वेळ काढलीच नाही. मग म्हणाल्या, सुभेदारसाहेब, हृदयाची झडप नीट मिटत नाहीये, यांना चंदीगडला मोठ्या हॉस्पिटलात न्या. सगळं योजनेत बसतं. आत्ता गेलात तर काम होण्यासारखं आहे.

मी नाही म्हटलं. तत्त्वाचा प्रश्न आहे. आपल्या खोऱ्यात वैद्य नाडी बघून औषध देतात, पिढ्यान्‌पिढ्या. योजनेत ते बसत नाही. खाली केरळात तेलाने मालिश केलेलं बसतं म्हणतात. आपण मुकाट्याने चंदीगडला जात राहिलो तर आपल्या विद्येचं कोण बघणार? मी बाईंना स्वच्छ सांगितलं, माझ्या बायकोवर आपल्याच विद्येने उपचार होतील आणि ते मी योजनेत बसवून घेईन. ही टेस्ट केस.

त्यांनी विचारलं, पेशंटला काय वाटतं? पेशंट बाकावर बसून बूट घालत होती. एका बुटालाच वेळ लागत होता. म्हणाली, ते म्हणतील तसं. याला विश्वास म्हणतात.

येताना बसमध्ये ती झोपली. तिचा भाऊ असाच चंदीगडला गेला होता, लाकडी पेटीतून परत आला. पण त्याचा इथे काही संबंध नाही.

५ मे

प्लॅन तयार. नाव: ऑपरेशन नाडी.

मेमे इशे हे आपले वैद्य. ऐंशीच्या पुढचे, म्हणून सगळं गाव मेमे म्हणजे आजोबाच म्हणतं. वरच्या वस्तीत राहतात, गुडघे गेल्यामुळे खाली उतरत नाहीत. यांगडोलला चढवत नाही. परवा गोठ्यापर्यंत गेली आणि भिंत धरून उभी राहिली. पण यावर आपल्या विद्येत तोड आहे. रोगी येऊ शकत नसेल तर घरचं माणूस जातं. बापाची नाडी पोराच्या मनगटात लागते, बायकोची नवऱ्याच्या. जाणता वैद्य बरोबर ओळखतो. चंदीगडच्या मशिनीला हे जमणार आहे का?

हे शेजारच्या तोंडुपला ऐकवलं. हवालदार होता, माझ्या हाताखाली. हे तो हल्ली विसरतो. गेल्या वर्षी योजनेतून गुडघा बदलून आलाय आणि आता बकरीसारखा चालतो. मला दाखवण्यासाठीच चालतो. म्हणाला, साहेब, अचेंना माझ्या खेचरावर बसवा ना, मी लगाम धरतो. यांगडोलला तो अचे म्हणजे ताई म्हणतो, त्यामुळे त्याला वाटतं आपल्याला बोलायचा हक्क आहे. खेचर म्हणे. हवालदाराची झेप खेचरापर्यंतच जायची. उपकार नकोत म्हणून सांगितलं.

नाडी सकाळी उपाशीपोटी बघतात. आदल्या दिवशी दारू, मटण, भांडण वर्ज्य. अर्थात हे रोग्याला. मी रोगी नाही. रमचे दोन पेग घेतले, उद्याच्या चढासाठी.

६ मे, दुपार

मिशन सक्सेसफुल.

उजाडता निघालो. वाटेत चार-पाचदा थांबून प्रदेशाची पाहणी केली. तरुणपणी हाच चढ पाठीवर ओझं घेऊन न थांबता चढायचो, त्यामुळे प्रदेश नीट बघायचा राहून गेला होता. स्तूपाच्या डाव्या अंगाने जायचं असतं. उजवी वाट जवळची. उजवीने गेलो, देवाला घाई कळते.

मेमे उन्हात बसले होते. येण्याचं कारण सांगितलं. त्यांनी विचारलं, तू स्वतः बरा आहेस ना? दुसऱ्याची नाडी आणायची तर आणणारा निरोगी लागतो. मी म्हटलं, मेमे, शेप-वन. सैन्यात तब्येतीला याच्यावरचा दर्जा नाही. निवृत्त झालो तेव्हा डॉक्टरने लिहून दिलंय. त्यांनी पुन्हा विचारलं, बरा आहेस ना? म्हातारपणी माणसं तेच तेच विचारतात. मग म्हणाले, रात्री काय घेतलंस? मी म्हटलं, थुक्पा. खोटं नाही, रमनंतर वाटीभर थुक्पाही प्यायलो होतो.

डावं मनगट धरलं, मग उजवं, मग परत डावं. डोळे मिटलेले. मला वाटलं झोपले. मग बोलायला लागले. यकृत तापलंय, पित्त रक्तात उतरलंय. रोग्याने दारू सोडायची, अगदी वासालासुद्धा जायचं नाही. लोणी, तळलेलं, तिखट बंद. दुपारची झोप बंद. राग बंद. रोगी घोरतो का? उजव्या फासळीखाली दुखतं का? मी म्हटलं, विचारून सांगतो.

काळ्या गोळ्या दिल्या, कातडी पिशवीत. रोज सकाळी एक कुटून घ्यायची, महाकडू. मेमे कुणाकडून काही घेत नाहीत, लोक त्यांच्या शेतावर राबून फेडतात. मी त्यांच्या वाफ्याला पाणी सोडलं. म्हणजे सोडायला एकाला सांगून आलो.

उतरताना माझ्या उजव्या फासळीखाली दुखत होतं. चढाचा परिणाम.

७ मे

यांगडोलला रिपोर्ट दिला. शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, मी दारू कधी प्यायले? लग्न होऊन आल्यापासून छांग गाळते, पण जिभेला लावून बघितलेली नाही.

मी म्हटलं, रोग असं विचारून येत नसतो. मग विचार केला आणि उलगडा झाला. वास. मी रोज संध्याकाळी चुलीपाशी पेग घेतो, ती शेजारी बसून लोकर कातते. इतकी वर्षं वाफ नाकात जाते आहे. अंगात भिनणार नाही तर काय. उपाय: आजपासून पेग बाहेर पायरीवर घ्यायचा. बाहेर गार वारा असतो, पण बायकोसाठी एवढं करायला हवं.

फासळीखाली दुखतं का विचारलं. म्हणाली, नाही, ते तुमचं दुखतं. घोरतेस का विचारलं. ती हसली. हसताना धाप लागली, ती कमी होईपर्यंत माझ्याकडे बघत राहिली. मग माझ्या हातातली पिशवी काढून घेतली. म्हणाली, या माझ्याकडे असू द्या, कुटायचं वगैरे मी बघते.

रोग्याचं सहकार्य उत्तम.

८ मे

पथ्य सुरू. यांगडोलचा लोणी-चहा बंद, मीठ घातलेला कोरा. मटण बंद. ती सातूचं पीठ पाण्यात कालवून खाते. पथ्याची जबाबदारी माझ्यावर असल्यामुळे तिच्या वाटचं लोणी वाया जाऊ नये म्हणून मी घेतो.

१२ मे

चहा कडू लागतोय, दोन-तीन दिवस झाले. लोणी खवट असणार. यांगडोलला बोललो. म्हणाली, मीठ बदललंय. प्यायलो. घरात आजारी माणूस असताना चहावरून कटकट करणारे नवरे मला आवडत नाहीत.

२० मे

योजनेच्या वरच्या कमिटीला अर्ज पाठवला. आपल्या वैद्यांना योजनेत घ्या. भाषा कडक पण सभ्य. महिन्याभरात निकाल लागेल, कारण मुद्देच असे आहेत की उत्तर नाही.

संध्याकाळी रिंचेनचा फोन. आमची मुलगी, चंदीगडला शाळेत शिकवते. अबा, आईला कधी आणताय, मी खोली रिकामी करून ठेवलीय. मी म्हटलं, ट्रीटमेंट सुरू आहे. कसली? नाडीची. तिने विचारलं, आई एवढं चढून गेली? म्हटलं, मी गेलो होतो. मग नाडी कोणाची बघितली? इथे रेंज गेली. रेंजचं बटण माझ्या अंगठ्याखाली होतं, पण गेली.

११ जून

यांगडोलचे पाय सुजले. बोट दाबलं की खड्डा राहतो. मी यावर विचार केला. आधी त्रास छातीत होता, आता पायात आहे. म्हणजे रोग खाली उतरला. डोंगरावरची चौकी सोडून खाली उतरलेला शत्रू माघारीच्या वाटेवर असतो. तिला हे समजावलं. म्हणाली, तसंच असेल. बूट आता होत नाहीत, माझे जुने घालते.

तोंडुप पुन्हा खेचराचं बोलला. पुन्हा नको म्हटलं.

२८ जून

माझी पँट मांड्यांना सैल, पोटाला घट्ट. व्यायाम सुटला की छाती खाली सरकते असं ऐकून आहे. उद्यापासून पहाटे पीटी.

२९ जून

पीटी उद्यापासून. अंगाला खाज सुटलीय, लोकरीचा बनियन धुवायला हवा. भूकही कमी. यांगडोलबरोबर माझंही आपोआप पथ्य होतंय. नवराबायको एक जीव असतात ते खोटं नाही.

७ जुलै

गच्चीवरच्या देवघरात जायला यांगडोलला जमेना. पायऱ्यांच्या मध्यावर बसून राहिली. म्हणाली, सकाळचा दिवा तुम्ही लावाल का? लावीन म्हटलं.

१० जुलै

दिवा लावायला तीन दिवस वर गेलो. पायऱ्या उंच बांधल्यात, त्या वेळी गवंड्याला बोललो होतो. आज मूर्ती आणि दिवा खालीच आणला, चुलीजवळच्या फळीवर मिठाच्या डब्याशेजारी. देव कुठेही असतो. यांगडोल म्हणाली, घराच्या सगळ्यात वर असतो. पण बघून तिला बरं वाटलं असावं, हात जोडले.

१९ जुलै

यांगडोलला आडवं झालं की गुदमरतं. भिंतीला टेकून, पाठीशी उशा लावून झोपते. मी तिला सांगितलं, पहाऱ्यावरचा जवान बसूनच झोपतो, कधीही तयार. ती म्हणाली, मग तुम्ही का घोरता?

तोंडुप म्हणतो माझे डोळे पिवळे दिसतात. जर्दाळू पिकायला लागलेत, सगळ्या गावालाच पिवळं दिसतं. घरी आरशात बघितलं. आरसा जुना आहे.

२ ऑगस्ट

आज चहा घुसळता घुसळता ती थांबली. दांडा हातात तसाच. ओठ निळे. मी पाणी दिलं, पाठ चोळली. पाठ हाताला एवढीशी लागली. भीती वाटली. लिहून ठेवतो, कारण नंतर वाटली नाही.

चंदीगडचा विचार आला. पण आता गेलो तर केस पडणार. अर्ज वर गेलेला आहे, ते आज ना उद्या चौकशी करतील की पेशंट कुठल्या उपचारावर आहे, तेव्हा काय सांगायचं? थोडाच काळ कळ काढायची आहे. यांगडोलला विचारलं, कळ काढशील ना? तिने मान डोलावली. मग म्हणाली, रिंचेनच्या अबा, चहा गार होतोय. कडूच होता, पण प्यायलो.

१६ ऑगस्ट

जर्दाळू वाळत घालायचे दिवस. दरवर्षी गच्ची यांगडोलच्या ताब्यात असते, दुसऱ्या कोणी पसरलेले तिला पटत नाहीत. यंदा वर तोंडुपची बायको. यांगडोल खाली अंगणात बसून बिया फोडते. वरून कोणी हाक मारली की मान वर करून सांगते, दाटी करू नका. तोंडुपच्या बायकोला ते ऐकू जात नाही, ती पुन्हा हाक मारते.

१८ ऑगस्ट

पुन्हा वर जाऊन नाडी दाखवली. या वेळी प्रदेशाची पाहणी जास्त बारकाईने करावी लागली, पोचेपर्यंत ऊन चढलं. मेमेंनी हात धरला, भुवई वर गेली. म्हणाले, औषध पोचतंय. ते नसतं तर आत्तापर्यंत कावीळ अंगभर झाली असती. पण पथ्य शून्य. रोगी पितो आहे. औषध दोरीने वर ओढतं आणि हा विळीने दोरी कापतो.

मी थक्क झालो. यांगडोल.

१९ ऑगस्ट

घराची झडती. कोठार, गोठा, शेणाच्या गोवऱ्यांमागे, तिच्या कपड्यांच्या पेटीत. पेटीत तिचा लग्नातला शिरपेच निघाला, पिरोजे जडवलेला, रिंचेनसाठी फडक्यात बांधून ठेवलाय. दारू नाही. कडब्यामागे रमची अर्धी बाटली सापडली. ती माझीच, मागच्या हिवाळ्यात ठेवून विसरलो होतो. गैरसमज नको म्हणून संध्याकाळपर्यंत संपवली.

यांगडोलला समोर बसवून स्पष्ट विचारलं. मेमे काही खोटं बोलणार नाहीत. मी तुझ्यासाठी दोनदा तो चढ चढलो, कमिट्यांशी भांडतोय, आणि तू मागे काय करतेस? आवाज थोडा चढला असेल. ती बिया फोडत होती. दगड खाली ठेवला. रडेल असं वाटलं, पण म्हणाली, औषध पोचतंय असं म्हणाले ना मेमे?

म्हटलं, हो, तेवढं म्हणाले.

मग झालं तर, म्हणाली, आणि पुन्हा बिया फोडायला लागली. चेहऱ्यावर समाधान. अशा माणसाला रागावणार तरी किती?

६ सप्टेंबर

विजय.

दवाखान्याकडून निरोप. पुढच्या बुधवारपासून दर बुधवारी लेहच्या दवाखान्यात आपल्या विद्येचा वैद्य बसणार, औषधासकट सगळं योजनेत. मी पायरीवर उभं राहून गल्लीला ऐकवलं. तोंडुप म्हणाला, साहेब, हे तीन वर्षांपासून चाललंय, गेल्या मेळाव्यात सांगितलं होतं, तुम्ही तेव्हा रमच्या लाइनीत होता. तुमचा अर्ज तर अजून लेहच्या टेबलावर आहे. मत्सर माणसाला कुठल्या थराला नेतो.

अट एकच. रोग्याने स्वतः यायचं. दुसऱ्याच्या मनगटावर ते औषध देणार नाहीत. ठीक आहे, नवीन माणसं आहेत, हळूहळू शिकतील.

यांगडोलला सांगितलं, आपण जिंकलो. तिने विचारलं, म्हणजे आता जायचं? म्हटलं, बुधवारी. ती म्हणाली, बरं. ओल्या वाळूच्या पोत्यासारखी बसली होती भिंतीशी.

१० सप्टेंबर

रिंचेन आली. न कळवता, सुट्टी काढून. दारात आईकडे बघितलं आणि तिथेच पिशवी टेकवून उभी राहिली. माझ्याशी बोलत नाही. प्रवासाचा शीण असेल. बुधवारच्या भाषणाची तयारी. पहिला लाभार्थी म्हणून दोन शब्द बोलावे लागणार.

१२ सप्टेंबर

काल बुधवार झाला. नीट क्रमाने लिहितो.

यांगडोलला तोंडुपने पाठीवर घेतलं आणि टॅक्सीपर्यंत नेलं, बदललेल्या गुडघ्यावर. मी सामान घेतलं होतं. दवाखान्यात हार वगैरे नव्हते. वैद्य म्हणजे एक मुलगी, रिंचेनच्या वयाची. भाषणाचं कोणी विचारलं नाही.

तिने यांगडोलचा हात धरला. थोडाच वेळ. मग हलकेच खाली ठेवला आणि उठून डॉक्टरबाईंना बोलावून आणलं. म्हणाली, हे आता माझ्या औषधाचं काम नाही, यांना आधी ऑक्सिजन लावा. मी मधे पडलो. म्हटलं, चार महिने आपल्याच विद्येचे उपचार चालू आहेत, ही टेस्ट केस आहे. तिने विचारलं, कुठलं औषध? मी सामानातून गोळ्यांची पिशवी काढून दिली. वास घेतला, गोळी बोटात फोडली. म्हणाली, हे तर यकृताचं आहे, पिणाऱ्या माणसाचं. हे कोण घेतंय?

यांगडोलने शाल ओढून घेतली. मी म्हटलं, हीच घेते. मुलगी एकदा तिच्याकडे बघे, एकदा माझ्याकडे. मग मला म्हणाली, मेमे, जरा हात द्या. मला मेमे. शिष्टाचार म्हणून दिला. पापणी खाली ओढून डोळेही बघितले. माझ्याविषयी काहीबाही बोलली. डॉक्टरबाईंनी रक्त घेतलं आणि त्याही तसंच काहीबाही बोलल्या, भरती व्हा म्हणाल्या. दोघींनी संगनमत केलेलं दिसलं. मी म्हटलं, माझी काळजी नको, मी शेप-वन.

आज सकाळच्या विमानाने यांगडोलला चंदीगडला नेलं. योजनेनेच सगळी सोय केली. रोग्याबरोबर एकच माणूस, रिंचेन गेली. विमानतळाच्या दारात माझ्याशी पहिल्यांदा बोलली. म्हणाली, अबा, मे महिन्यात सांगितलं होतं त्यांनी. बस एवढंच. मी म्हटलं, पण केस आपण जिंकलो. ती व्हीलचेअर ढकलत आत गेली.

यांगडोलच्या नाकात नळी होती. दारातून मागे वळून तिने मला खूण केली, जवळ गेलो. म्हणाली, चहा वेळेवर घेत जा.

१३ सप्टेंबर

चहा मी केला. उत्तम जमला. कडू नाही. लोणी बदललं असावं, नाहीतर मीठ.

२५ सप्टेंबर

रिंचेनचा फोन येत नाही, मी केला तर म्हणते तपासण्या चालू आहेत. बर्फ पडायच्या आत यांगडोल परत आली पाहिजे. गाय दूध देत नाही, माझ्याकडे बघून मान फिरवते. पीटी सोमवारपासून. रमही कमी करायची आहे, पण एकदम सोडलं तर शरीराला धक्का बसतो.

४ ऑक्टोबर

आज वर गेलो. तिथून चंदीगड काही दिसत नाही, पण मेमे आहेत. सूर्य डोक्यावर आला तेव्हा पोचलो. तोंडुप खेचर घेऊन मागून येत होता, न सांगता. शेवटचा चढ खेचरावर. स्तूपाच्या डाव्या अंगाने गेलो, खेचराला तीच सवय आहे.

मेमेंपुढे हात केला. म्हटलं, यांगडोल कशी आहे ते बघून सांगा. फोनवर कोणी धड सांगत नाही. बायकोची नाडी नवऱ्याच्या हातात लागते ना, मग बघा.

मेमेंनी हात धरला. डोळे मिटले नाहीत. म्हणाले, गुरमेत, मी मे महिन्यात तुला दोनदा विचारलं होतं, बरा आहेस ना. आजारी माणसाच्या हातात दुसरं कोणी ऐकू येत नसतं. तेव्हाही तूच होतास, ऑगस्टमध्येही तूच, आत्ताही तूच. तिची नाडी मी कधी बघितलेलीच नाही.

मी म्हटलं, मग पथ्य? म्हणाले, तुझं. औषध? तुझं. मी म्हटलं, पण औषध तर तिने घेतलं, आणि तुम्ही म्हणालात पोचतंय. ते माझ्याकडे बघत राहिले, मग हात सोडला. तोंडुप खेचराच्या मानेवर हात ठेवून दुसरीकडे बघत होता. उतरताना लगाम त्यानेच धरला.

मेमे थकलेत. वय झालंय. दोन गोष्टींची गफलत होते.

२० ऑक्टोबर

लिहिलं नाही मधे. लिहिण्यासारखं काही नव्हतं.

९ नोव्हेंबर

रिंचेनचा फोन आला. ऑपरेशन होणार नाही. डॉक्टर म्हणतात, उशीर झाला, शरीराला झेपणार नाही. औषधावर जितकं चालेल तितकं. आणि एवढ्या उंचीवर परत आणायचं नाही, विरळ हवेत टिकणार नाही. म्हणजे घरी यायचं नाही. हे रिंचेनने शाळेत शिकवताना सांगावं तसं सावकाश सांगितलं, दोनदा. मी म्हटलं, तिला दे.

फोन तिच्या कानाला लावला. श्वासाचाच आवाज जास्त. मी म्हटलं, जर्दाळू नीट वाळले, दाटी नव्हती. म्हणाली, हं. मग तुटक तुटक म्हणाली, देवाच्या फळीवर, मिठाच्या डब्याच्या मागे, झाकणाची वाटी आहे. कुटून ठेवलीय पूड. रोज सकाळी चहात चिमूटभर टाकत जा. आधी लोणी, मग पूड, मग घुसळायचं. नाहीतर कडू फार लागतं.

मी म्हटलं, मे महिन्यापासून?

म्हणाली, तुम्ही गोळी घेतली असती का?

मग रिंचेनने फोन घेतला, तिला बोलवत नव्हतं.

१० नोव्हेंबर

वाटी आहे तिथेच होती. आधी लोणी, मग पूड, मग घुसळला. कडू झाला. पूर्ण प्यायलो.

रम तोंडुपला देऊन टाकली. तो घेईना, पायरीवर ठेवून आलो.

पूड थोडीच उरलीय. संपली की मेमे हात बघितल्याशिवाय पुढची देणार नाहीत. वर चढणं आता होत नाही, खेचरावर बसलं तरी पोटात दुखतं. आणि माझी नाडी घेऊन वर जाईल असं घरात कोणी नाही.